बाळूसाठी स्थळ पाहताना

मुलीसाठी स्थळ पाहणे आणि इंग्लंडात कुत्र्याला घेऊन जाता येईल असा पब पाहणे, या दोन्ही कामांत वरवरच्या थाटमाटाला भुलणारा माणूस पस्तावतो. पहिल्या कामाचा अनुभव आमच्या घराण्यात पुष्कळांना आहे, दुसऱ्याचा फक्त मला. यॉर्कशायरच्या डोंगराळ भागाच्या कडेला मी गेली नऊ वर्षे राहतो आहे आणि त्यातली सहा वर्षे बाळूबरोबर. बाळू हा शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड. त्याचे नाव आईने कराडहून फोनवर ठेवले. इथल्या यच्चयावत माणसांना ते ‘जंगल बुक’मधल्या अस्वलावरून आले आहे असे वाटते आणि मी खुलासा करणे सोडून दिले आहे. सदर मार्गदर्शन आम्हा दोघांच्या पायपिटीतून तयार झाले आहे. त्यातली बिअरविषयीची मते माझी, बाकी सगळी त्याची.

आधी कायदा उरकून घेऊ. कुत्र्याने पबमध्ये पाऊल टाकू नये असा कायदा इंग्लंडात नाही. अन्नस्वच्छतेचे नियम त्याला स्वयंपाकघराच्या बाहेर ठेवतात, बसण्याच्या जागेच्या नाही. अंध व्यक्तींना वाट दाखवणाऱ्या आणि तत्सम मदतनीस कुत्र्यांच्या पाठीशी २०१० चा समानता कायदा आहे. बाकीच्या श्वानसमाजाचा निकाल पबचालकाच्या मर्जीवर. या पबचालकाला इथे ‘लँडलॉर्ड’ म्हणतात, बाई असेल तर ‘लँडलेडी’. ज्याने पुण्यात कधी भाड्याची खोली शोधली आहे, त्याला घरमालकाची मर्जी म्हणजे काय चीज असते ते मी सांगायला नको. स्वर्गाच्या दारातही हीच व्यवस्था होती. इंद्राने युधिष्ठिराला कुत्रा बाहेर सोडून ये म्हणूनच सांगितले होते. तो हटून बसला आणि शेवटी कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म निघाला. बाळूकडून अशी अपेक्षा ठेवू नये. तो चोर आहे. त्याविषयी पुढे येईलच.

आता पत्रिका. पबच्या दारावर टांगलेली चित्रांची पाटी ही इथली फार जुनी गोष्ट. दुसऱ्या रिचर्ड राजाने १३९३ साली एल, म्हणजे इथली जुन्या धाटणीची बिअर, विकणाऱ्यांना ती सक्तीची केली. तेव्हापासून या पाट्यांवर कुत्र्यांचा सुकाळ आहे. ‘डॉग अँड डक’, ‘फॉक्स अँड हाउंड्स’, ‘डॉग अँड गन’. ‘टॅल्बट’ नावाच्या पबच्या पाटीवर दिसतो तो पांढरा शिकारी कुत्रा, ज्याची जात केव्हाच नामशेष झाली. ‘ग्रेहाउंड’ नावाचे पब तर गावोगाव. ट्यूडर राजांच्या राजचिन्हांत पांढरा ग्रेहाउंड होता, त्याची ही पुण्याई. नवखा श्वानपालक ही पाटी पाहून हरखतो आणि दार ढकलतो. त्याने लक्षात ठेवावे की पाटीवर कुत्रा असणे आणि आत कुत्रा चालणे यांचा काडीचाही संबंध नाही. घरावर ‘मातृछाया’ असे कोरलेले असते म्हणून आत सासूबाई प्रेमळच असतील असे नाही. एका ‘ग्रेहाउंड’मधून आम्हाला ग्रेहाउंडसकट परत पाठवण्यात आले आहे. आतला गालिचा नवीन होता.

गालिचा हा शब्द अधोरेखित करावा. माझ्या मते सगळे शास्त्र फरशीत आहे. जुन्या पबचे पूर्वी दोन भाग असत. एक कामकऱ्यांचा, ज्याला इकडे उत्तरेत टॅपरूम म्हणतात: उघडी फरशी, लाकडी बाक, चिखलाचे बूट. दुसरा लाउंज, म्हणजे गालिचा, गुबगुबीत खुर्च्या आणि त्याच बिअरला थोडे जास्त पैसे. पुष्कळ ठिकाणी मधल्या भिंती पडल्या, पण जमीन जुनी गोष्ट विसरलेली नाही. ‘कुत्रे बारच्या भागात चालतील, जेवणाच्या दालनात नाही’ ही सूचना ज्या रेषेवर लागू होते, तिथेच दगडी फरशी संपून गालिचा सुरू होतो. म्हणून आत शिरताच फळ्यावरची खडूची विनोदी वाक्ये वाचत बसू नये. ‘कुत्र्यांचे स्वागत आहे, माणसांना सांभाळून घेऊ’ हे वाक्य मी इतक्या फळ्यांवर वाचले आहे की ते आता मला वैधानिक इशाऱ्यासारखे वाटते. खाली पाहावे. फरशीचे दगड मधोमध झिजून खोलगट झाले असतील, दाराशी चिखलाच्या बुटांची रांग नसून चिखलाचे बूट थेट आत गेल्याच्या खुणा असतील, तर निम्मी पसंती झाली असे समजावे. जिथे डोंगर चढून आलेल्याचे बूट खपतात तिथे चार पाय सहज खपतात.

मात्र दगडी फरशीला एक वैगुण्य आहे आणि ते ग्रेहाउंडवाल्यांनाच कळते. ही जात इतर कुत्र्यांसारखी ढुंगणावर बसत नाही. मांड्यांचे स्नायूच तसे. एकतर उभी राहते किंवा आडवी होते. अंगावर चरबी नाही, कातडी कागदासारखी, त्यामुळे गार दगडावर आडवी होणे तिला मंजूर नसते. मग बाळू टेबलाशेजारी तासभर उभा राहतो, मागचा एक पाय थरथरवतो आणि हुतात्म्याच्या चेहऱ्याने खोलीतल्या एकेकाकडे पाहतो. दहा मिनिटांत सगळा पब माझ्याकडे पाहू लागतो. उपाय: सोबत गोधडी न्यावी. आमची गोधडी अस्सल आहे, आजीच्या जुन्या लुगड्यांची, आईने हाताने टाके घातलेली. ती माझ्यासाठी आली होती. इंग्लंडात कडाक्याची थंडी असते म्हणून आईने बॅगेत लोणच्याच्या बरण्यांभोवती गुंडाळून पाठवली होती. तिचा मालक परस्पर बदलल्याचे मी घरी कळवले नव्हते.

कांदेपोह्यांचा कार्यक्रम म्हणजे पाण्याचे भांडे. बाहेर दाराशी भांडे ठेवलेले असणे याला गुण नाहीत. त्यात बहुधा गेल्या मंगळवारचा पाऊस, दोन सिगारेटची थोटके आणि एक बुडालेली गोगलगाय असते. पाहायचे असते ते हे, की तुम्ही काउंटरशी पोचायच्या आत कोणी विचारते का. सगळ्यात चांगल्या पबमध्ये कोणी विचारतही नाही. लँडलेडी तुमच्याकडे न पाहता आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात पाणी भरते, काउंटरला वळसा घालून येते, डबा कुत्र्यापुढे ठेवते, त्याच्या कानामागे खाजवते, ‘काय रे लव्ह, दमलास?’ म्हणते आणि मग सरळ उभी राहून तुमच्याकडे अनोळखी चेहऱ्याने बघते. इथे बसायला हरकत नाही. काउंटरवर बिअरच्या दांड्यांशेजारी बिस्किटांची बरणी असेल तर सोन्याहून पिवळे. बरणी कुठे असते हे बाळूला तीन वर्षांपूर्वी एकदाच गेलेल्या पबमध्येही आठवते. मला त्या गावाचे नाव आठवत नाही.

मांजर आहे का, हे मात्र आधी विचारावे. हा प्रश्न मी नंतर विचारला आहे. त्यावर अधिक काही लिहीत नाही.

घरचा कुत्राही लक्षात घ्यावा लागतो. शेकोटीपुढे पालथा पडलेला, भुवया पांढऱ्या झालेला लॅब्राडोर हाच त्या आस्थापनेचा खरा परवानाधारक असतो. त्याला ओलांडून जाऊ नये, वळसा घालावा. त्याने एक डोळा उघडून मिटला तर होकार. शेकोटीच्या सर्वांत जवळची जागा त्याची, त्यानंतरची गावातल्या टेरिअरांची, आणि परगावच्या ग्रेहाउंडाने गोधडी कुठे अंथरायची हे त्या उतरंडीत आपोआप ठरते. आपल्याकडे कार्यालयात पंक्ती बसतात तेव्हा जसे कोणी न सांगता ठरते तसे.

आता कोणी विचारील, या सगळ्यात चांगला पब कुठे आला? कुत्रा चालणे वेगळे आणि पब चांगला असणे वेगळे. इथे माझे मत ठाम आहे: वेगळे नाही. खरी एल तळघरातल्या पिंपात जिवंत असते, तिथेच अखेरपर्यंत आंबत राहते. तिला अकरा ते तेरा अंशांवर ठेवायचे आणि हाताच्या पंपाने वर ओढायचे. हीच वाचवण्यासाठी इथे १९७१ साली ‘कामरा’ नावाची संघटना उभी राहिली, दुधाला दूधसंघ असतो तशी. पण पिंप एकदा उघडले की साधारण तीन दिवसांत संपायला हवे. नाहीतर हवा लागून ती शिळ्या ताकासारखी होते. शनिवारी गर्दी सगळीकडेच असते. पिंप मरते ते पावसाळी मंगळवारी, संध्याकाळी पाच वाजता, जेव्हा शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. तेव्हा बाहेर असतो फक्त कुत्रेवाला, कारण कुत्र्याला मंगळवार कळत नाही आणि पाऊस चालतो. तो ओला होऊन आत येतो आणि एक पाइंट घेतो, म्हणजे ५६८ मिलिलिटर. शेजारचा कुत्रेवाला आला म्हणून दुसरा घेतो. ज्या पबने कुत्र्यांना दार उघडे ठेवले त्याची बुधवारची बिअर ताजी असते. याची प्रयोगशाळेत कोणी तपासणी केलेली नाही. मी मात्र नियमितपणे करतो.

चोरीचे आता सांगतो. रविवारी दुपारी इथे ‘रोस्ट’ असतो: भाजलेले मांस, बटाटे, गाजरे, वरून ग्रेव्ही आणि त्यावर यॉर्कशायर पुडिंग, म्हणजे ओव्हनमध्ये टम्म फुगलेली, आतून पोकळ वाटी. ग्रेहाउंडाचे तोंड जेवणाच्या टेबलाच्या बरोबर उंचीवर येते, ही गोष्ट मी टेबल निवडताना ध्यानात घेतली नाही. आम्ही येण्याजाण्याच्या वाटेवर बसलो. एक वयस्कर गृहस्थ ताट हातात घेऊन वाकले, ताट टेबलावर टेकले आणि त्यांनी नॅपकिन उलगडला, तेवढ्यात बाळूने मान लांब केली. आवाज नाही, घाई नाही. पुडिंग अलगद उचलले, ग्रेव्हीचा एक थेंब टेबलावर सांडला. गृहस्थांनी रिकाम्या जागेकडे पाहिले, बाळूकडे पाहिले आणि ते म्हणाले, ‘सॉरी.’ बाळूला म्हणाले. मी पाइंट देऊ केला, लँडलेडीने दुसरे पुडिंग आणले, प्रकरण मिटले. पण ग्रेव्हीत कांदा होता. कांदा कुत्र्याला बाधतो, तसेच मनुका आणि चॉकलेटही. ती रात्र मी त्याच्या पोटाला कान लावून काढली. तो घोरत होता. तात्पर्य: भिंतीकडेचे टेबल, कुत्रा आतल्या बाजूला, पट्टा खुर्चीला नव्हे तर स्वतःच्या पायाला. खुर्ची त्याच्याबरोबर जाते.

स्थळ पाहताना हवामानाचाही विचार व्हावा. टॅन हिल इन हा ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब, १,७३२ फुटांवर, आजूबाजूला नुसते माळरान. नोव्हेंबर २०२१ मध्ये अर्वेन वादळात तिथे साठाहून अधिक माणसे तीन रात्री अडकून पडली. त्यात ओअॅसिस बँडची गाणी गाणारी एक नकलाकार मंडळीही होती. तेव्हापासून मी प्रत्येक पबला मनातल्या मनात हा प्रश्न लावतो: इथे, या लोकांबरोबर, याच गाण्यांसह, कुत्र्याला घेऊन तीन रात्री काढाव्या लागल्या तर? पुष्कळ देखणी स्थळे या एका प्रश्नात गळतात.

आई आली तेव्हा तिला पबमध्ये नेऊ की नको, हा पेच होता. ‘गुत्त्यात नेतोस होय रे मला?’ हा तिचा पहिला प्रश्न. नेले. कोपऱ्यात एक आजीबाई लोकर विणत बसल्या होत्या, पायाशी टेरिअर. दोन म्हातारे काही न बोलता एकाच दिशेला पाहत होते. आईने लाइम सोडा घेतला, पदर सावरला, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, ‘अरे, हा तर आपल्या मारुतीच्या देवळापुढचा पार. नुसती बाटली जास्त.’ मग तिची नजर खाली गेली. गोधडीवर बाळू चारी पाय पसरून पडला होता.

‘ही तुझ्या आजीच्या लुगड्यांची आहे,’ ती म्हणाली.

मी ग्लासात पाहत राहिलो. ती वाकली, गोधडीचे सुटलेले टोक उचलून बाळूच्या पाठीवर घातले, आणि एका ठिकाणी टाका उसवला होता तो बोटाने चाचपून पाहिला. विणणाऱ्या आजीबाईंनी न विचारता सुई-दोरा पुढे केला. पुढचा पाऊण तास दोघी दोन भाषांत संधिवातावर बोलत होत्या, बहुधा बाळूच्या.

त्या पबमध्ये सगळ्यांना बाळूचे नाव माहीत आहे, आता गोधडीचेही, आणि तिचा ते बिनचूक ‘गोडी’ असा उच्चार करतात. मला ‘बाळूवाला’ म्हणतात. आमच्या वाड्यात आईलाही तीस वर्षे ‘पिंट्याची आई’ म्हणत, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नाही.

उरलेल्या किरकोळ बाबी. डोंगरावरून चालत पबकडे येणार असाल तर सर्वांसाठी खुल्या माळरानावर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरच्या आतल्या पट्ट्यावर असावा लागतो, आणि मेंढ्यांजवळ तर बारा महिने. गळपट्ट्यावर मालकाचे नाव-पत्ता हवा. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर पब निळ्या बिअरच्या ग्लासाने दाखवलेला असतो. चित्र असते म्हणून पब चालू असतोच असे नाही. खेड्यांतले पुष्कळ पब सोमवारी बंद असतात. निघण्यापूर्वी फोन करावा, आणि मांजराची चौकशी त्याच फोनवर करून घ्यावी.