वजाबाकीने वाढलेलं आयुष्य

वजाबाकी केली की उत्तर लहान येतं, असं डहाणूच्या शाळेत मास्तरांनी छडी उगारून शिकवलं होतं. तेच मास्तर आता निवृत्त झालेत आणि मत बदलून बसलेत. परवा धानिवरीला हायवेलगतच्या टपरीवर वही उघडून म्हणाले, "अरे, वजाबाकीने उत्तर वाढतं. अमेरिकेत सिद्ध झालंय."

झालंय खरं. 2006 साली ओसफेल्ट आणि श्नायडर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी एका पुस्तकात गणित मांडलं. 1980 ते 1999 या काळात अमेरिकेचं सरासरी आयुर्मान होतं 75.3 वर्षं, म्हणजे बऱ्याच श्रीमंत देशांच्या मागे. त्यांनी खून, वाहन अपघात अशा जीवघेण्या इजांमधला फरक हिशेबातून काढला. आयुर्मान झालं 76.9 आणि अमेरिका पहिल्या नंबरवर! आयुर्मान घसरलं की दवाखान्यालाच दोषी धरू नका, रस्ता आणि बंदूकही बघा, एवढा त्यांचा मुद्दा रास्तच होता. पण या वाढीव दीड वर्षात एकही माणूस एक दिवस जास्त जगला नाही, हेही तितकंच खरं.

"आपण मागे का राहायचं?" मास्तर म्हणाले. "2016 ते 20 च्या पाहणीत देशाचं आयुर्मान 70, महाराष्ट्राचं 72.9. डहाणू-तलासरीचं आपण वाढवू. घे पेन."

पहिली वजाबाकी परक्यांची. मेंढवण खिंडीपासून अच्छाडपर्यंत जे मुंबईहून गुजरातकडे किंवा उलट निघालेले असतात, ते आपले नव्हेत. 4 सप्टेंबर 2022 ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल कार अपघातात गेले. त्यानंतर अख्ख्या देशाला दोन शोध लागले. एक, गाडीच्या मागच्या सीटलाही पट्टा असतो. दोन, चारोटी नावाचं गाव असतं.

दुसरी वजाबाकी बेशिस्तांची. 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेले 50,029 आणि पट्टा न लावलेले 16,715 जण अपघातात गेले. चूक त्यांची, वजा करा. पाडा रस्त्याच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे असूनही जे रस्ता ओलांडतात, तेही वजा. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला हायवेच्या कडेकडेने चालत येणारेही वजा. पायाने चालणं हे या रस्त्यावर अतिक्रमणच आहे.

"आणि सिल्व्हासाला पाठवलेले?" मी विचारलं.

"त्यांची काळजी नको. मृत्यूची नोंद होते जिथे जीव जातो तिथे. गंभीर जखमीला आपण सिल्व्हासाला नाहीतर वापीला धाडतो. वाटेत हद्द ओलांडली की आपला आकडा आपोआप सुधारतो."

तिसरी वजाबाकी हिंसेची. 16 एप्रिल 2020 ला गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. टाळेबंदीत हायवे टाळून ते आतल्या रस्त्याने निघाले होते आणि आतल्या रस्त्यावर मुलं पळवणाऱ्यांची अफवा त्यांच्याआधी पोचली होती. त्या तीन माणसांवर देश महिनोन्महिने भांडला. भांडायलाच हवं होतं. पण 2022 साली देशात खून झाले 28,522 आणि रस्त्यावर माणसं मेली 1,68,491. जवळपास सहापट. त्यांच्यासाठी कुठल्या वाहिनीवर कोणी घसा बसवला? खुनाला आरोपी लागतो, अपघाताला नशीब पुरतं.

मास्तर आकडे लिहीत होते. मध्येच थांबले.

"एक गोष्ट नडतेय. पंचाऐंशीची म्हातारी गेली तर सरासरीला कळतसुद्धा नाही. पण उंबरगावच्या कंपनीतली सेकंड शिफ्ट करून बाइकवर घरी निघालेला बावीस वर्षांचा पोर गेला, की एकट्याने पन्नास वर्षं घेऊन जातो. आणि रस्त्यावर मरणाऱ्यांत शंभरातले सहासष्ट असतात अठरा ते पंचेचाळीसमधले. माझ्या वर्गातली हजेरी घेतल्यासारखं वाटतं रे."

मी विषय बदलला. 2015 ला ब्राझिलियात आपण सही केली होती, 2020 पर्यंत अपघाती मृत्यू निम्मे करू म्हणून. ते काही झालं नाही. 2020 ला आकडा उतरला तो टाळेबंदीमुळे, म्हणजे रस्ते बंद असले की आपले रस्ते सुरक्षित असतात. टाळेबंदीआधीच स्टॉकहोममध्ये 2030 ची नवी तारीख घेतली होती. डिसेंबर 2024 मध्ये रस्ते वाहतूक मंत्री गडकरी साहेबांनी लोकसभेत प्रांजळपणे सांगितलं की जागतिक परिषदांत अपघातांचा विषय निघाला की आपण तोंड लपवतो. साहेबांना कोणीतरी मास्तरांची वही पाठवायला हवी.

तोवर उत्तर आलं होतं. परके, बेशिस्त, पायी, हद्दीपलीकडचे आणि अफवेचे बळी वजा जाता उरलेला डहाणू-तलासरीकर अमेरिकन माणसाला मागे टाकत होता. मास्तरांनी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि वही पिशवीत घातली. त्यांची रिक्षा पलीकडे उभी होती.

"थांब," माझा हात धरून ते म्हणाले, "एवढा कंटेनर जाऊ दे."

कंटेनर गेला. त्यामागे दुसरा, मग टँकर, मग उलट्या बाजूने एक टेम्पो. वीस मिनिटं झाली. हिशेबाने आम्हा दोघांना भरपूर आयुष्य होतं. फक्त रस्ता ओलांडायचा बाकी होता.