हिरवळ मोजणारी स्क्रिप्ट

पिकाची तब्येत विचारायला आता बांधावर जावं लागत नाही. सेंटिनेल-२ ची उपग्रहजोडी दर ५ दिवसांनी चक्कर मारते. तिच्या आठव्या (जवळच्या अवरक्त) पट्ट्यातून चौथा (लाल) वजा करा, दोन्हींच्या बेरजेने भागा, की एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळीचा निर्देशांक, तयार. पायथनच्या चार ओळी. रात्री स्क्रिप्ट लावून झोपावं, सकाळी अख्खा तालुका रंगीत.

उणे १ ते अधिक १ गुणांची ही परीक्षा. तीत गाजरगवत पहिल्या श्रेणीत पास होतं, आणि जलपर्णीने भरलेला तलाव थेट गुणवत्ता यादीत! ऐन खरिपात ढग आडवे येतात ते वेगळंच. ते गाळायला विसरलात, तर भर श्रावणात दुष्काळ छापून येतो.

खरी मजा जुन्या स्क्रिप्टची. लँडसॅट ७ मध्ये जवळच्या अवरक्ताचा पट्टा चौथा, लँडसॅट ८ मध्ये पाचवा. सातसाठी लिहिलेली स्क्रिप्ट आकडे न बदलता आठवर चालवली, तर ती लालातून हिरवा वजा करते. कुरकुर नाही, एरर नाही, नकाशा झकास. फक्त त्यात नांगरून ठेवलेलं रान उसापेक्षा हिरवंगार दिसतं. असलं पीक याआधी घरबसल्या केलेल्या पीकपाहणीतच यायचं.