मुद्देमाल रस्त्यावर, पुरावा चव्हाट्यावर

‘मृच्छकटिक’ नाटकातील शर्विलकाने चारुदत्ताच्या भिंतीस भोक पाडताना, मापाची दोरी विसरल्यामुळे, गळ्यातील यज्ञोपवीत कामी आणले, हे चौर्यशास्त्राच्या अभ्यासकांस विदित आहेच, परंतु अमेरिकेतील मिल्वॉकी शहरच्या ‘किया बॉइज’ म्हणविणाऱ्या पोरांनी स्टिअरिंगखालचे आवरण उचकटून, फोन चार्ज करावयाच्या यूएसबी केबलच्या टोकाने मोटार सुरू केली, तेव्हा ती विद्या लोप पावली नसल्याची आमची खातरजमा झाली. शर्विलकाला निदान आपल्या प्रेयसीस, मदनिकेस, दास्यमुक्त करावयाचे होते. या पोरांना गाडी विकावयाची नव्हती की ठेवावयाचीही नव्हती. ती भरधाव, नागमोडी हाकावयाची, खिडकीबाहेर अर्धे अंग काढून चित्रफीत घ्यावयाची, गाडी कोठेतरी ठोकून सोडून द्यावयाची आणि चित्रफीत टिकटॉकवर चढवावयाची, एवढाच तो पुरुषार्थ. मुद्देमाल टाकून देऊन पुरावा मात्र स्वहस्ते प्रसिद्ध करणारा इतका सहकार्यशील आरोपी आमच्याकडील कोणत्या फौजदाराच्या नशिबी आला असेल?

2021 साली त्या एका शहरात दहा हजारांहून अधिक मोटारी चोरीस गेल्या, पैकी सुमारे दोनतृतीयांश किया व ह्युंदाई या भावंड कंपन्यांच्या. परक्या किल्लीस इंजिनाने दाद देऊ नये म्हणून इमोबिलायझर नावाची योजना असते. 2015 च्या मॉडेलांपैकी इतर उत्पादकांच्या 96 टक्क्यांत ती मुळातच होती, या भावंडांच्या अवघ्या 26 टक्क्यांत. कॅनडात 2007 पासून तिची कायद्यानेच सक्ती असल्यामुळे तेथील ग्राहकांस ती लाभली. सरहद्दीच्या अमेरिकी बाजूस हुकूम नव्हता, म्हणून काटकसर. टिकटॉकवरील या खेळापायी फेब्रुवारी 2023 पर्यंत किमान 14 अपघात व 8 मृत्यू सरकारदप्तरी नोंदले गेले.

पुढे सिअॅटल, कोलंबस आदी शहरांनी कंपन्यांवरच दावे लावले. कंपन्यांनी दोष समाजमाध्यमांवर व ढिल्या पोलीस बंदोबस्तावर ढकलला, आणि मोटारमालकांशी सुमारे 20 कोटी डॉलरची तडजोड केली. शिवाय स्टिअरिंगला अडकवावयाची लोखंडी दांडकी पोलिसांकरवी फुकट वाटली, भोंग्याचा आक्रोश अर्ध्या मिनिटावरून पूर्ण मिनिटावर नेला, आणि काचेवर डकविण्यास एक चिठ्ठीही दिली, जीत या गाडीस चोरप्रतिबंधक योजना बसविली असल्याचे निवेदन असून, ते पंधरा वर्षांच्या पोराने, मध्यरात्री, काच फोडण्यापूर्वी, स्वस्थ चित्ताने वाचावे अशी अपेक्षा आहे.