कै. सोनोग्राफी मशीन यांच्या स्मरणार्थ

आमच्या तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आता फक्त पेशंट बरा व्हायचा राहिला आहे, बाकी सगळी सोय झाली. वॉटर कूलर तीन आहेत (नळ एकालाच जोडलाय, पण कूलर तीन आहेत). बाकडी इतकी की ओपीडीची रांग बसल्या बसल्याच पुढे सरकते. व्हीलचेअर, स्ट्रेचर, भिंतीवरची घड्याळं, सगळं दानशूरांच्या कृपेने. आणि प्रत्येक वस्तूवर ऑइलपेंटने ठसठशीत नाव. सलाइन लावून पडलेल्या माणसाने मान डावीकडे वळवली की स्टँडवर 'कै.', उजवीकडे वळवली की लॉकरवर 'कै.', उताणा झाला की पंख्यावर 'कै.'. आजाऱ्याला धीर देण्याची ही आपली पद्धत.

यातल्या सर्वांत मोठ्या दानयज्ञाचं मूळ एका रात्रीत आहे. गावातल्या एका वजनदार गृहस्थांच्या सासूबाईंना अपरात्री छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, बीपी पाहिलं आणि केसपेपरवर लिहिलं, 'पुढील उपचारासाठी सिव्हिलला रेफर.' आजवर तालुक्यातल्या अर्ध्या घरांनी हे वाक्य वाचलं असेल, पण तेव्हा कुणाला निधीबिधी सुचला नव्हता. आता प्रश्न सासूबाईंचा होता. त्या सुखरूप परत आल्या आणि जावयांनी सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबरच घोषणा केली, "गावच्या दवाखान्यासाठी आपण काहीतरी केलं पाहिजे."

काहीतरी करायचं म्हटलं की आपल्याकडे आधी समिती होते. दवाखान्याची स्वतःची एक समिती होतीच. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्याच्याबरोबर रुग्ण कल्याण समित्या आल्या. दवाखान्याच्या गरजा स्थानिक लोकांनी बसून ठरवाव्यात, हाताशी थोडा पैसा असावा, असा चांगला विचार त्यामागे होता. पण त्या समितीच्या बैठकीत चहा मिळतो, फोटो निघत नाही. म्हणून दुसरी समिती. अध्यक्ष एक, कार्याध्यक्ष दोन, उपाध्यक्ष जेवढे उरले तेवढे. पावतीपुस्तकं छापली. कुणीतरी शंका काढली की अशी वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, कलम ४१ क का काय. अध्यक्ष म्हणाले, "आपण काय गणपती बसवतोय का?" परवानगी मग मागाहून घेतली. शंका काढणाऱ्याला कार्यकारिणीत घेतलं नाही.

वर्गणी मात्र जोरात जमली, हे कबूल केलंच पाहिजे. हमालांनी एका दिवसाची मजुरी दिली. शिक्षकांनी एक दिवसाचा पगार दिला. त्यांनी दिला म्हणजे कापून घेतला गेला आणि त्यांना ते पगाराच्या स्लिपवर कळलं. एका बचत गटाच्या बायांनी हळदीकुंकवाचं वाण न लुटता ते पैसे आणून दिले आणि पावतीसुद्धा मागितली नाही. मार्केट यार्डातल्या शेठजींनी आधी विचारलं, पावती ८०जीची आहे का? आहे म्हटल्यावर त्यांनी रोख दोन हजार काढले. त्याच्या वर रोखीला सवलत मिळत नाही, हे त्यांना आयकरवाल्यांपेक्षा चांगलं ठाऊक. मग तेवढेच पत्नीच्या नावाने, तेवढेच मुलांच्या, सुनांच्या आणि तेवढेच नातवाच्या नावाने. नातवाचं उत्पन्न सध्या खाऊच्या पैशांपुरतंच आहे, पण दानतीला वय नसतं.

पैसा जमला. आता घ्यायचं काय? समितीने मोठ्या मनाने वैद्यकीय अधीक्षकांना यादी द्यायला सांगितलं. साहेब भाबडे. त्यांनी खरोखरच गरजेच्या गोष्टी लिहून दिल्या. एक रेडिओलॉजिस्ट. दोन लॅब टेक्निशियन. रात्रपाळीला चार सिस्टर, कारण सध्या एकच सिस्टर बाळंतीणही बघते आणि विंचू चावलेलाही. जनरेटरला डिझेल. बायकांच्या संडासाची तुंबलेली लाइन. आधीच्या दानशूरांनी दिलेल्या यंत्रांचा देखभालीचा करार, कारण त्यातली निम्मी एकेका पार्टपायी बंद आहेत.

यादी बैठकीत वाचली गेली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कार्याध्यक्षांनी सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं, "यात उद्घाटन करण्यासारखं काहीच नाही."

खरंच होतं ते. संडासाची लाइन मोकळी झाली तर फीत कुठे बांधणार? डिझेलवर नाव कसं घालणार? सिस्टरच्या पगाराचं लोकार्पण करता येत नाही. फार तर तिला स्टेजवर बोलवून गुच्छ देता येईल आणि तेवढ्या वेळात वॉर्डात कोण, हा प्रश्न उरेलच. तेव्हा सर्वानुमते ठरलं, सोनोग्राफी मशीन.

लोकार्पण सोहळा आमच्या तालुक्याने पाहिला नव्हता असा झाला. फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे चेहरे एवढे दाटीवाटीने बसवले होते की मशीनचा फोटो एका युवा नेत्याच्या कानामागे गेला. फेटे बाहेरगावाहून मागवले. शाल, श्रीफळ, मानचिन्ह. सत्कारांना इतका वेळ लागला की मशीन सुरू करून दाखवायचं राहून गेलं, आणि ते बरंच झालं, कारण मांडवाच्या लाइटिंगमुळे दवाखान्याचा एक फेज गेला होता. बचत गटाच्या बाया मागच्या खुर्च्यांवर होत्या. सूत्रसंचालकाने त्यांचा उल्लेख 'ज्ञात-अज्ञात हात' असा केला.

पुढची गोष्ट कायद्याची आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ चा कायदा आहे आणि तो कडक आहे, असायलाच हवा. मशीन नोंदवावं लागतं, ते कुठे ठेवलंय ते नोंदवावं लागतं, ते कोणता पात्र डॉक्टर वापरणार ते नोंदवावं लागतं, आणि प्रत्येक गरोदर बाईमागे एफ फॉर्म भरावा लागतो. आमच्याकडे रेडिओलॉजिस्टचं पद मंजूर आहे. मंजूर आहे म्हणजे रिकामं आहे. तेव्हा जिल्ह्याच्या गावाहून एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे ठरले आणि त्यांच्या नावावर नोंदणी झाली. ते थोडे दिवस आले. मग त्यांचं मानधन थकलं, मग त्यांची गाडी थकली, मग तेही. पात्र डॉक्टर नाही म्हटल्यावर अधिकाऱ्यांनी येऊन मशीनला सील ठोकलं. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. आज आमच्या रुग्णालयात सर्वांत सुरक्षित कोण असेल तर ते मशीन.

त्याला महिला मंडळाने जरीकाठाचं कव्हर शिवलं आहे. दर दसऱ्याला झेंडूचा हार पडतो. सिलावरच्या लाखेला हळदकुंकू लागून लागून तिचा रंग आता देवाऱ्यातल्या टाकांसारखा झालाय. शेजारच्या तालुक्यात डॉक्टर आहे आणि मशीन नाही, तेव्हा हे तिकडे द्यावं, असं एका नवख्या डॉक्टरने सुचवून पाहिलं. क्लार्कने त्याला डेड स्टॉक रजिस्टर दाखवलं. एकदा त्यात नोंद झाली की वस्तू शासनाची. हलवायची तर वरून मंजुरी, टाकून द्यायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव. वर अध्यक्षांनी बजावलं, "आमच्या आईचं नाव आहे त्यावर. आई दुसऱ्या तालुक्यात राहणार नाही."

गरोदर बायकांची मात्र गैरसोय झालेली नाही. दवाखान्याच्या गेटसमोरच खासगी सोनोग्राफी सेंटर आहे. त्या सेंटरच्या मालकांनी आमच्या मशीनसाठी सर्वांत मोठी देणगी दिली होती. आपल्या तोंडासमोर फुकटचं दुकान उघडायला एवढी मदत करणारा माणूस आजच्या काळात मिळायचा नाही. मशीन चालणार नाही याची त्यांना आधीच खात्री होती, असं काही कोत्या मनाचे लोक म्हणतात. मी त्यांच्यातला नाही.

आमचं गाव लहान, म्हणून आमचं मशीनही एकच. हा खेळ मोठ्या पटावर कसा रंगतो ते मराठवाड्याने २०२१ च्या मे महिन्यात पाहिलं. देशभरातून जमलेल्या पीएम केअर्स निधीतले म्हणून सांगितले गेलेले दीडशे व्हेंटिलेटर तेव्हाच्या औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयाला मिळाले होते. त्यातले वापरायला काढलेले ११३ सदोष निघाले, असं उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर आलं. केंद्राचं म्हणणं पडलं की यंत्रं ठणठणीत आहेत, तुम्हालाच ती नीट वापरता येत नाहीत. बाहेर कोरोनाची दुसरी लाट चालू आणि कोर्टात वाद हा, की श्वास कुणाचा अडकलाय, यंत्राचा की चालवणाऱ्याचा. पेशंट या वादात पक्षकार नव्हता.

आता कुणी म्हणेल, देणगीला नावं ठेवणं सोपं असतं. नाही हो, मी देणगीच्या बाजूचाच आहे. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाय यांनी लाखावर रुपये दिले, १८४३ साली पाया घातला गेला, दोन वर्षांनी रुग्णालय उघडलं आणि आजही अख्खा महाराष्ट्र 'जेजे'ला जातो. पुण्याचं ससून १८६७ चं, डेव्हिड ससून यांच्या दानातून उभं राहिलेलं. नाव त्यांनाही हवंच होतं, मिळालंही. पण परळच्या केईएमची हकिकत ऐका. त्याच्या जोडीचं वैद्यकीय महाविद्यालय शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या नावाचं. त्यांच्या वारसांनी इंग्रजी अमदानीत पैसे देताना अट घातली की इथे शिकवणारे लायक डॉक्टर भारतीय असले पाहिजेत. १९२६ मध्ये कॉलेज आणि रुग्णालय सुरू झालं ते ती अट पाळून. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा शेठ पैसे देताना विचारत होता, इथे काम कोण करणार? आमचा शेठ विचारतो, फॉन्ट केवढा ठेवणार?

सरकारला मात्र जुन्यापेक्षा नवा शेठ सोयीचा. तो अट घालत नाही, जाब विचारत नाही, आणि वस्तू बंद पडली तर आणखी एक वस्तू देतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. साल आलं, टक्का आला नाही. आपल्या राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले, केसपेपरचे पैसेसुद्धा माफ. उत्तम निर्णय, रांगा वाढल्या, वाढणारच. रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसणारा माणूस वाढवायचा राहिला. त्यानंतर दीड महिन्याने नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं. औषधं कमी, माणसं कमी, अशी चर्चा राज्यभर चालू असताना एका खासदारांनी तिथे जाऊन अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला आणि संडास साफ करून घेतला. लोकप्रतिनिधीने रुग्णालयाला दिलेली इतकी स्वस्त वस्तुरूप देणगी माझ्या ऐकण्यात दुसरी नाही.

असो. नुसती टीका नको म्हणून गेल्या बैठकीत मी एक योजना मांडली. नाव दिसल्याशिवाय पैसा सुटत नसेल, तर नाव माणसावर घालू. वर्गणीतून एक रेडिओलॉजिस्ट नेमायचा आणि त्याच्या एप्रनच्या पाठीवर, क्रिकेटवाल्यांच्या जर्सीवर असतं तसं, छापायचं: 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.' टेक्निशियनच्या खिशावर छोट्या देणगीदाराचं नाव. सिस्टरच्या टोपीची जागा कमी, तिथे दोनच अक्षरं बसतील, ती बचत गटाला द्या.

मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. कल्पना चांगलीच उचलली गेली. खजिनदारांनी तिथल्या तिथे पाठीचे आणि खिशाचे दर काढले. शेठजींनी एप्रन धुतल्यावर रंग जातो का ते विचारलं. अध्यक्षांनी आईनंतर आता वडिलांच्या नावाने अख्खा रेडिओलॉजिस्ट घ्यायची तयारी दाखवली. सगळं जमत आलं होतं, तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "हा डॉक्टर राहील किती दिवस?"

अधीक्षक साहेब म्हणाले, "करार अकरा महिन्यांचा असतो."

"म्हणजे आमच्या वडिलांचं स्मरण अकराच महिने?"

"चांगली ऑफर आली तर आधीही जातील, साहेब."

"एप्रन घालून?"

यावर बरीच चर्चा झाली. नाव पाठीवर घेऊन डॉक्टर समोरच्या खासगी सेंटरला लागला तर काय, असा मुद्दा निघाला. सेंटरचे मालक समितीतच असल्याने तो लगेच मिटलाही. शेवटी ठराव झाला तो असा: रेडिओलॉजिस्टचा विषय शासन स्तरावर पाठपुराव्यासाठी ठेवण्यात यावा आणि जमलेल्या रकमेतून गेटजवळ कमान बांधण्यात यावी. कमानीवर देणगीदारांची नावं दोन्ही बाजूंनी येतील. आत येणाऱ्यांना दिसतील, आणि सिव्हिलला रेफर होऊन बाहेर जाणाऱ्यांनाही.