मामांचं वळण

अंबडच्या एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "पुढं वळण आहे, धरून बसा." मामा सावरून बसले ते बोलायला. "वळण म्हणजे मुळात काय, ठाऊक आहे का?" कंडक्टर बिचारा आम्ही उतरेपर्यंत सुटला नाही. आमचे सुटे पैसे त्याच्याकडेच राहिले.

मामा निवृत्त मास्तर. उशाशी मोल्सवर्थचा कोश. "१८५७ साली लोकं बंडात गुंतली होती अन् हा गडी दुसरी आवृत्ती काढत होता!" हे अशा कौतुकानं सांगतात, की बंडवाले रिकामटेकडे वाटावेत. आमच्या जालन्याचं नाव एका श्रीमंत जुलाह्यावरून, म्हणजे विणकरावरून पडलं, अशी दंतकथा आहे. मामांच्या लेखी तो सातबारा आहे. "गावाचं नाव मागावरचं, अन् इथल्या माणसाला पीळ कुठला, वळ कुठला, कळू नये?"

ताईला पाहायला पाहुणे आले, तेव्हा आजी बोलून गेली, "पोरीला चांगलं वळण आहे." झालं! दोर वळतात, वाती वळतात, शेवया वळतात, लाडू वळतात... मामा थांबेनात. शेवटी मुलाच्या काकांनी पोहे खाली ठेवून विचारलं, "मग मुलगी यातली कोणती?" लग्न जमलं, ते ताईच्या नशिबानं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, मी गावी होतो. बाजारात नायलॉनची दावी ढिगानं मिळतात, पण मामांनी अंबाडीचा वाख भिजवून ठेवलेला. ओसरीवर बसून तळहातावर थुंकी, मांडीवर वाख.

"बघ भाच्या, पेडाला पीळ द्यायचा उजवीकडं. अन् तीन पेड एकमेकांवर वळायचे डावीकडं. पेड उलगडायला बघतो, दोर उलगडू देत नाही. पीळ एकट्याचा, वळ तिघांचा. ह्या भांडणावरच दावं टिकतं." इथं त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

दावं वीतभर झालं होतं. ज्यांच्यासाठी ते चाललं होतं, ती जोडी तेवढ्यात मोकळी सुटून शेजाऱ्याच्या कपाशीत शिरली.

"आवो, ते चऱ्हाट ठेवा अन् आधी गुरं वळा!" मामी कडाडल्या.

मामा थबकले. चेहरा उजळला.

"ऐकलंस? गुरं वळणं! हा अर्थ राहिलाच होता की!" आणि चष्मा चाचपत वही शोधायला आत गेले.

गुरं मी वळली.