उत्तर आधी, प्रयोग नंतर

पदवीचे उपयोजित भौतिकशास्त्र मुख्यतः प्रयोगशाळेत शिकले जाते. त्यासाठी अंधारी खोली, सोडियमचा दिवा, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप आणि गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचे जर्नल एवढी सामग्री लागते. यांतले शेवटचे उपकरण सर्वांत अचूक असते.

न्यूटनच्या कड्यांचा प्रयोग घ्या. सपाट काचेवर बहिर्गोल भिंग ठेवले की मधल्या हवेच्या पातळ थरामुळे प्रकाशाचे व्यतिकरण होते आणि काळी-पिवळी कडी दिसतात. कड्यांच्या व्यासांचे वर्ग घेऊन आलेख काढला, की त्याच्या चढावरून तरंगलांबी मिळते. परावर्तित प्रकाशात मधला ठिपका काळा दिसावा, असे सिद्धान्त सांगतो. भिंगाखाली धूळ असेल तर तो उजळही दिसतो. अशा वेळी सिद्धान्त जर्नलात उतरतो, धूळ जागची हलत नाही.

सोडियमच्या प्रकाशाची सरासरी तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम, हे सर्वांना पाठ असते. त्यामुळे रीडिंग्ज या आकड्यावरून उलटी बेतली जातात. उत्तर तंतोतंत आले तर परीक्षकांना संशय येतो. म्हणून दोनेक टक्क्यांची चूक हाताने पेरतात. त्रुटींचे विश्लेषण ते हेच.

तोंडी परीक्षेत ‘कडी गोलच का?’ असे विचारतात. समान जाडीच्या हवेचे बिंदू वर्तुळावर असतात, हे उत्तर जर्नलात नसल्याने शांतता पसरते.

पदवीनंतर बरेच जण कचेऱ्यांत अहवाल लिहितात. तिथे निष्कर्ष साहेबांनी ठरवलेला असतो, फक्त आकडे जुळवायचे उरतात. एवढे उपयोजन अन्य कोणत्याही शाखेला जमलेले नाही.