कुठंतरी लूज हाय

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग दुरुस्त करणारे जॉबर पुष्कळ भेटतील. आमचे अण्णा जॉबर असून हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले आहेत. कारखान्यामागच्या खोलीत त्यांचा सेट. पत्ता विचारला की ‘एमके 77’ म्हणतात. जगभरच्या हॅम मंडळींच्या नकाशात सोलापूर त्या चौकोनात येतं. रिक्षावाल्यालाही त्यांनी एकदा हाच पत्ता दिला, असं वहिनी सांगतात.

आवाज खरखरला की बाकीचे हॅम सूर्यावरच्या डागांना बोल लावतात. अण्णा सूर्याकडे ढुंकून बघत नाहीत. सप्लायची वायर चिमटीत धरतात आणि म्हणतात, “कुठंतरी लूज हाय.”

आणि वैताग असा, की बहुतेक वेळा ते खरं निघतं. शंभर वॉटचा सेट बोलताना 13.8 व्होल्टवर वीसेक अँपिअर ओढतो. जोडात नुसता 0.1 ओहम रोध आला तरी 2 व्होल्ट तिथंच खलास, वर 40 वॉटची धग. “करंट वाटंतच चहाला बसतोय बघा,” अण्णा म्हणतात. त्यात शेजारी धोट्याचे माग दिवसभर धडधडणार. भिंत थरथरते, टेबल थरथरतं, स्क्रू आपसूक ढिला होतो.

म्हणून स्क्रूखाली डाग दिलेली वायर दिसली की अण्णांचा पारा चढतो. शिसं दाबाखाली हळूहळू पसरतं आणि पकड जाते. त्यापेक्षा थिंबल घालून नीट दाबा, हा त्यांचा आग्रह. लाल-काळे अँडरसनचे कनेक्टर ‘टक्’ करून बसतात, पण हिसका बसला की सुटतात. यावर बाजारात प्लास्टिकचे टाय मिळतात. अण्णा सूत वापरतात! तेही टॉवेलचं चालत नाही. पाणी शोषावं म्हणून त्याच्या फासांचं सूत कमी पिळाचं असतं, ताण सोसत नाही. दुहेरी पिळाचं सूत, त्यावर मेण, चार वेढे आणि मागावर तुटलेला धागा सांधतात तीच गाठ. मग दोन्ही वायरींवर फ्यूज आहे ना, हे बघायचं. मग बारीक हिसका. मग दुसरा, थोडा मोठा.

हा हिसका घरापुरता राहता तर बरं होतं. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत नातवाला पाळण्यात बसवून हे जनरेटरचं टर्मिनल न्याहाळत उभे. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माइकची वायर तपासतात. कुणी हसलंच, तर किल्लारी काढतात: 1993 च्या त्या भूकंपानंतर हॅम लोकांनी निरोप पोचवले, तेव्हा लूज वायर चालली असती का? यावर कोण काय बोलणार?

तुमच्या इन्व्हर्टरची बॅटरी गरम होत असेल, तर अण्णांना जरूर बोलवा. फक्त संध्याकाळ मोकळी ठेवा, आणि घरातल्या बाकीच्या वायरी आधी लपवा.